अनेकवचनी

उदगीरच्या कोर्टात, नकला विभागाच्या मागच्या खोलीत,
जिथं पंखा एकाच कोपऱ्याला वारा देतो,
मी इंग्रजी निकालांचं मराठी करतो.
पानामागं ठरलेला दर, चुकलं तर बोलणी.

आज सातव्या पानावर अडलो.
प्रतिवादीने तडजोडीसाठी म्हणून काही
(इथं तो शब्द)
केल्याचे दिसून येत नाही.

ओव्हर्चर्स.

आधी वाटलं, ओव्हर म्हणजे संपलेलं,
चाळीस वर्षं कॉमेंट्रीनं तेच शिकवलंय.
हा तर निघाला सुरुवातीचा:
दार नुसतं लोटून बघणं,
आत कोणी आहे का, हे विचारायच्याही अगोदर.

कोशाची पाठ सुटलेली. त्यात पहिला अर्थ, नांदी.
पण बांधाच्या भांडणात नांदी कोण म्हणणार?
प्रस्ताव म्हणावं तर त्याला जावक क्रमांक लागतो.
पुढाकार हा सत्काराच्या पत्रिकेतला माणूस.
आई असती तर म्हणाली असती, खडा टाकून बघितला.
पण निकालपत्रात खडा चालत नाही,
आणि या दोघांत तो आधीच, खरोखरचा, चाललेला:
परिच्छेद चार, डोक्याला तीन टाके.

खाली बारीक अक्षरांत एक सूचना:
बहुधा अनेकवचनी.
हे मला पटलं. एकानं कुठं भागतं.

हा मन्मथ मला माहीत आहे.
गेल्या येळवशीला मी त्याच्याच शेतात होतो,
कडब्याच्या कोपीपाशी मांडी घालून, तिसऱ्यांदा भज्जी घेत.
बांधापलीकडं वैजनाथ, सख्खा चुलतभाऊ, एकटाच
आपल्या कोपीवरचं चवाळं नीट करत होता.
मन्मथ उठला. त्याच्याकडं पाठ केली,
आणि बाभळीला सांगितल्यासारखं मोठ्यानं म्हणाला,
"आंबील लई झालीय बघा औंदा. वाया जाणार."
बाभळ काही बोलली नाही.
थोड्या वेळानं पुन्हा, "बिंदगं भरून हाय अजून."
वैजनाथनं कुत्र्याला हाड केलं.
तिथं कुत्रं नव्हतं.

दोनदा झालं ते. म्हणजे अनेकवचन.
पण बाभळीची साक्ष नोंदवत नाहीत,
आणि मला कुणी बोलावलं नाही.
मी लिहिलं, "कोणतेही पाऊल पुढे टाकल्याचे दिसून येत नाही."
अनुवाद बरोबर आहे.
मूळ शब्दाखाली पेन्सिलीनं रेघ ओढली, एवढंच.

मग खाली उतरलो.
लिंबाखाली हबीबसाबचं टेबल, पत्र्याची पेटी, शाईचा पॅड.
चौदा महिने मी त्या टेबलाला वळसा घालून
सायकल स्टँडकडं जातो. कारण सांगण्यासारखं नाही.
त्याच्या पोरीच्या लग्नाची पत्रिका आली,
पाकिटावर माझं नाव चुकलेलं,
आणि मी, शब्दांवर पोट भरणारा माणूस,
एका वेलांटीसाठी गेलो नाही.

"बाँड आहे का?"
"शंभराचे बंद झाले. पाचशेचा हाय."
मला पाच रुपयांचाही नको होता.
"दे."

त्यानं वर पाहिलं नाही. रजिस्टर उघडलं, अंगठा ओला केला.
"नाव?"
तीस वर्षं माहीत असलेलं नाव मी सांगितलं.
त्यानं लिहिलं. वेलांटी दीर्घ काढली, सावकाश,
डोक्यावरून पार पलीकडं नेली.
"दुसरा पक्षकार?"
"राहू दे रिकामा."
"कारण?"
"अजून ठरलं नाही."

त्यानं पेनाला टोपण लावलं.
बाकावरची पिशवी उचलून मांडीवर घेतली.
"मंग बस की," म्हणाला, "ठरूस्तोर."